दानपेटी आणि हजेरीपट

नाताळ जवळ आला की कॅथलिक प्राथमिक शाळांमध्ये सेवेचा हंगाम सुरू होतो. वृद्धाश्रमाला भेट, जुन्या कपड्यांची गाठोडी, वर्गावर्गांतून फिरणारी दानपेटी. पुढे उपवासकाळात खाऊचे पैसे वाचवून गरिबांसाठी द्यायचे. यात खोटे काही नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाने हातचे चॉकलेट सोडणे ही लहान गोष्टही नव्हे. पण या सगळ्या उपक्रमांत देणारा आणि घेणारा यांची गाठ पडते ती तासाभरापुरती. देणारी मुले बसमध्ये बसून परततात, घेणारे होते तिथेच राहतात, आणि ‘गरीब’ म्हणजे शाळेबाहेर कुठेतरी राहणारी माणसे, एवढा धडा मात्र पक्का होतो. म्हणून शाळेची श्रद्धा तिच्या सेवेत पाहायची असेल, तर दानपेटीत किती जमले हे नंतर विचारावे. हजेरीपटावर कोणाची नावे आहेत, हे आधी.

ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही, ती शुभवर्तमानातच आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री मत्तय, मार्क आणि लूक भाकर व द्राक्षारसाची हकिकत सांगतात. मिस्सेचा, म्हणजे कॅथलिक उपासनेचा, उगम तिथला. योहान मात्र त्याच रात्रीच्या वर्णनात ती हकिकत देत नाही. त्याच्याकडे येशू कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. उपासना आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? शिवाय ज्यांचे पाय धुतले गेले ते दारावर आलेले याचक नव्हते, त्याच पंगतीतले होते. पंगतीला कोण बसले आहे, हा प्रश्न सेवेच्या आधी येतो तो असा.

आपल्याकडे त्याचे उत्तर अवघड आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतील सुमारे 74 टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत, आणि सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतली मुले 8.76 टक्केच आहेत. अहवालामागच्या हेतूबद्दल वाद घालता येईल, पण दुसरा आकडा बोचला पाहिजे. पहिल्या आकड्याचा अर्थ अनेक शाळांच्या वेळापत्रकातच दिसतो: तास वाजतो, कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला एका खोलीत जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला दुसरीत. राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदानुसार पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण देता येत नाही, म्हणून ही विभागणी रास्तच आहे. मात्र या दोन खोल्यांतल्या मुलांना श्रद्धेच्या नावाने एकत्र करण्याजोगे जे उरते, ते म्हणजे सेवा.

हे शक्य आहे, याचा दाखला कोलकात्यात आहे. सियालदाच्या लोरेटो डे स्कूलची सूत्रे 1979 मध्ये सिस्टर सिरिल मूनी या आयरिश जोगिणीने घेतली. त्यांनी फी भरणाऱ्या मुलींच्या बरोबरीने वस्तीतल्या मुलींना मोफत प्रवेश देत देत त्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर नेले. 1985 पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘रेनबो’ उपक्रम सुरू झाला. पाचवीपासूनच्या मुली कार्यानुभवाच्या तासाला या मुलांना शिकवू लागल्या. एकीला एक मूल, पाटी मध्ये आणि दोघी शेजारी. पुढे रस्त्यावरच्या मुली राहायलाही आल्या आणि शाळेच्या गच्चीवर त्यांची सोय झाली. इथे सेवा सहलीसारखी वर्षातून एकदा येत नाही, ती वेळापत्रकात असते. आणि शिकवणाऱ्या मुलीला रोज कळते की समोरची हुशार आहे. तिला फक्त संधी मिळाली नव्हती.

यावर दोन आक्षेप परस्परविरुद्ध दिशांनी येतात. एक म्हणतो, ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष. दुसरा, बहुधा चर्चच्या आतून, म्हणतो की अशाने शाळा निव्वळ समाजकार्याची संस्था होईल, श्रद्धा पातळ होईल. पहिल्याला उत्तर व्यवहारातूनच द्यावे लागते: मदतीला कोणतीही अट नको. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2024 मध्ये आपल्या शाळांना इतर धर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि सकाळच्या सभेत घटनेची उद्देशिका म्हणा, असे सांगितले, ते याच दिशेने. दुसऱ्या आक्षेपाला लूकच्या शुभवर्तमानातला दाखला पुरेसा आहे. जखमी वाटसरूला पाहून याजक बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो. थांबतो तो परका मानलेला शोमरोनी. येशूने ज्याला आदर्श म्हणून उभे केले तोच स्वधर्मीय नाही. वर्गातली हिंदू किंवा मुसलमान मुलगी शेजारणीला वाचायला शिकवते तेव्हा कॅथलिक मुलाचे धर्मशिक्षण पातळ होत नाही, त्याला त्याचा अर्थ डोळ्यांसमोर दिसतो.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक: आम्ही फी भरतो ती इंग्रजीसाठी आणि गुणांसाठी, दर्जा घसरला तर? ही भीती हसण्यावारी नेऊ नये. मोठे वर्ग, थकलेले शिक्षक आणि वेगवेगळ्या पातळीची मुले यांची मोट बांधायला पैसा आणि तयारी लागते. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवावर होणारा खर्च त्यासाठी वळवणे हा धर्मगुरूंच्या आणि व्यवस्थापनाच्या हातचा निर्णय आहे. शिवाय दुसऱ्याला अपूर्णांक समजावणाऱ्या मुलाचे स्वतःचे अपूर्णांक पक्के होतात, हे कोणताही गणिताचा शिक्षक सांगेल.

वंचित मुलांना आत घेण्याचा निर्णय प्राथमिक शाळेतच व्हायला हवा, कारण पहिलीत ज्याला दार बंद झाले तो सहावीत क्वचितच आत येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून, म्हणजे वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के जागांच्या सक्तीतूनही, वगळले. घटनेच्या 30 व्या अनुच्छेदाने दिलेली स्वायत्तता मोलाची आहे आणि तिचे रक्षण व्हावे. पण सक्ती असती तर त्या जागा भरणे हे निव्वळ कायद्याचे पालन ठरले असते. सक्ती नसताना भरल्या, तरच त्याला श्रद्धा म्हणता येईल.