दादांच्या खात्यावर

आपला छळ झाला हे सांगायला मला आवडतं. इतकं सरळ लिहिताना हात अडखळतो, पण खरं तेच आहे. बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत साक्ष द्यायची वेळ आली की कोणी दुखणं बरं झाल्याचं सांगतं, कोणी पोराला नोकरी लागल्याचं. मी सांगतो ते कामाच्या ठिकाणी कोणी ‘बाटगा’ म्हणाल्याचं, टपरीवर कोणी ‘काय पाद्रीबुवा’ म्हणून हसल्याचं. सांगता सांगता थोडा मीठमसाला पडतो. नुसता हसलेला माणूस माझ्या साक्षीत ‘तुच्छतेनं’ हसतो. मग खोलीतून ‘आमेन’ येतं आणि मला बरं वाटतं. ते बरं वाटणं प्रार्थनेचं असतं का? की आपण कोणीतरी आहोत, असं चारचौघांत ठरल्याचं?

खरं विचाराल तर अंकुशनगरात ख्रिस्ती म्हणून राहण्यात मला त्रास तो कितीसा? समर्थ साखर कारखान्याभोवती वसलेलं, अंकुशराव टोपे यांच्या नावाचं हे गाव. इथे माणूस कारखान्यात कुठल्या खात्यात आहे हे आधी विचारतात, जात लगोलग काढून घेतात आणि धर्माची पाळी सगळ्यात शेवटी येते. दिवाळीत शेजारचं ताट आमच्याकडे येतं, नाताळात आमचं त्यांच्याकडे जातं. रविवारी उपासनेला जाताना मला कोणी अडवलेलं नाही.

म्हणून मी छळ उसना आणतो. 1999च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांची पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदाच्या कुष्ठरुग्णांचं काम पुढे चालू ठेवलं. 2008 साली ख्रिस्ती लोकांवरच्या हल्ल्यांनी कंधमाळ पेटलं. या गोष्टी मी आवाज खाली आणून सांगतो आणि सांगताना नकळत त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. मला कोणी बोलावलं होतं तिथे? टपरीवरचं हसू आणि ती गाडी एका वाक्यात आणण्याचा अधिकार मला कुणी दिला?

पेत्राच्या पहिल्या पत्रात एक जागा आहे, ती आमच्याकडे वाचली जाते पण तिच्यावर प्रवचन सहसा होत नाही. ख्रिस्ती म्हणून दुःख भोगावं लागलं तर लाज धरू नका, असं तो म्हणतो. पण त्याआधी बजावतो की खुनी, चोर किंवा लोकांच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून मात्र कोणी भोगू नये. खुनी आणि चोर यांच्या पंगतीत त्यानं ढवळाढवळ करणाऱ्याला बसवलंय! माझ्या वाट्याला आलेले टोमणे मी या चाळणीतून काढून पाहिले. निम्म्याहून जास्त माझ्या जिभेनं ओढवलेले निघाले. शेजाऱ्याच्या सत्यनारायणावर मी न विचारता मत दिलं होतं. त्यानं उलट सुनावलं, ते मी ख्रिस्ताच्या नावावर जमा केलं.

आमच्या जालना जिल्ह्यात या विषयाचा खरा धडा आहे, आणि तोही मी सोयीनं वाचत आलो. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्मानं ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाच्या राज्यातल्या जालन्याला येऊन काम उभं केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. 1873 साली ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले. नाव, जात, घरदार सोडून आलेला माणूस. त्यांच्यावर बोलताना आम्हाला शब्द कमी पडत नाहीत.

पण बेथेलला येऊन राहिलेले बहुतेक मातंग होते. त्यांनी काय सोडलं? गावकीतला वाटा, सोयरीक, वाजंत्रीची कामं, जत्रेतला मान. ज्याच्याकडे मुळात थोडंच होतं त्यानं तेवढंही सोडलं. त्यांची नावं मला सांगता येत नाहीत. आमच्या घरात म्हणतात की पणजोबा बेथेलकडचे. कागद काही नाही. शेषाद्रींचं चरित्र मला पाठ आणि पणजोबांचं नावसुद्धा खात्रीनं माहीत नाही. छळाची गोष्ट सांगतानाही मी जात बघूनच नायक निवडला, हे ध्यानात यायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आणखी एक माणूस मी गाळत आलोय. नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा. तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण मुंबईच्या कोर्टात गेलं आणि कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं की नाही यावरून शास्त्रीमंडळींत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांत होते आणि त्यापायी त्यांनी स्वतः शिव्या खाल्ल्या. मोठ्या भावानं श्रद्धेची किंमत स्वतःच्या मर्जीनं मोजली. धाकट्याची मोजदाद इतरांनीच केली. त्यांच्या वडिलांचं काय झालं असेल? दोन मुलगे, एक दूर गेलेला आणि दुसरा घरात असून कुठलाच नाही. श्रद्धेपायी सोसण्यात आनंद असतो, हे वाक्य त्या बापासमोर मला म्हणता येईल?

हे सारं श्रीपतबद्दल आहे अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण ते माझ्याबद्दलच आहे.

मला शाळेत घालताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहायला सांगितलं. मास्तर भला माणूस होता. म्हणाला, ‘अरे, हिंदू मांग लिव्हू. पोराला सवलत मिळंल. चर्चात जायला कोण अडवतंय?’ दादा म्हणाले, ‘लिव्हा मास्तर, जे हाय ते.’ आणि लिहून होईपर्यंत टेबलापाशीच उभे राहिले. दादांना वाचता येत नव्हतं. मग काय लिहिलंय ते त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं, आणि मी ते जोडून जोडून वाचलं.

1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. इतर मागासवर्गाचा रस्ता होता, पण त्या दाखल्यासाठी खेटे घालायला दादांकडे ना वेळ होता ना कोणी सांगणारा. पुढे नोकरीची यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं. माझ्या चुलत भावाचं होतं. गुण माझे जास्त होते. चुलत्यांनी मास्तरांचं ऐकलं होतं.

तेव्हापासून मी दोन खाती चालवली. एकात दादांवरचा राग. माझ्या आयुष्याची किंमत त्यांनी मला न विचारता मोजली, हे मी त्यांना तोंडावर कधी म्हणालो नाही, पण वागण्यात दाखवत राहिलो. दुसऱ्यात त्याच गोष्टीचा तोरा. उपासनेत चुलत भाऊ मागच्या बाकावर बसला की मी पुढून एकदा वळून बघायचो. आमच्या दाखल्यावर खोटं नाही, असं त्या बघण्यात असायचं. ज्या त्यागाबद्दल बापावर चिडायचं त्याच त्यागावर भावापुढे मिरवायचं! दादांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याचं बिल कोणी भरलं, तर त्याच भावानं, त्याच नोकरीच्या पगारातून. मी पैसे घेतले. आभारही मानले. मनातला निकाल मात्र बदलला नाही.

दादांना त्यात आनंद होता का, हे मी त्यांना विचारलंच नाही. ऊसतोडीत ते आणि आई दोघं मिळून एक कोयता. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि नाताळ त्याच्या ऐन मध्यात येतो. फडात नाताळची सुट्टी कुठली असायला! चोवीस तारखेच्या रात्री ते उपासनेला यायचे आणि पहाटे गाडी भरायला जायचे. वाढ्यानं मोळी आवळताना तोंडानं काहीतरी गुणगुणायचे, बहुतेक रेव्हरंड टिळकांचंच एखादं पद. टोळीत त्यांचं पाणी वेगळं असायचं. ते मांग म्हणून की ख्रिस्ती म्हणून? मला वाटतं मांग म्हणून. ख्रिस्ती असल्यानं त्यावर चार टोमणे जास्तीचे पडत एवढंच. मी मात्र साक्षीत सगळं एकाच खात्यात घालायचो, कारण जातीचा अपमान सांगताना मान खाली जाते आणि श्रद्धेचा सांगताना वर होते.

दादा गेल्यावर टोळीतला एक जुना गडी भेटायला आला. सगळ्यात जास्त टोमणे मारणारा तोच, असं आई सांगायची. त्यानं सांगितलं की एका हंगामात त्याची बायको कोपीवरच बाळंत झाली. ते दोघंही कामाला जाऊ शकले नाहीत. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. तर माझ्या आईवडिलांनी बरेच दिवस आपला ऊस तोडून झाल्यावर त्यांचाही तोडला आणि त्यांच्या नावावर खाडा पडू दिला नाही. मी आईला विचारलं, हे कधी सांगितलं का नाही? ती म्हणाली, ‘त्यात काय सांगायचं?’

प्रेषितांच्या कृत्यांत आहे ते: फटके खाऊन प्रेषित सभेतून बाहेर आले ते आनंदानं, कारण त्या नावासाठी अपमान सोसायला आपण लायक ठरलो असं त्यांना वाटलं. मी नेहमी तिथेच थांबायचो. पुढे लिहिलंय की त्यांनी रोजचं शिकवणं बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर! मला वाटू लागलंय की आनंद फटक्यांत नसावाच. ज्या कामासाठी फटके बसले ते काम अजून आपल्या हातात आहे, यात तो असावा. म्हणून तो साक्षीत सांगता येत नाही, कामात दिसतो. हे बरोबर असेल का? धर्मशास्त्र मला तेवढं येत नाही. पण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना असंच जाणवतं. 1895 साली नवऱ्यानं, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. तेव्हाचं त्यांचं दुःख दुसऱ्याच्या श्रद्धेपायी आलेलं होतं, स्वतःच्या नव्हे. सोवळंओवळं सुटायलाही त्यांना स्वतःशी किती झगडावं लागलं! तरी त्या लिहितात त्या हसत, आणि आधी स्वतःला हसतात. ज्यानं हिशेब सोडलाय त्यालाच असं हसता येत असावं. मला माझ्या टपरीच्या गोष्टीत एकदाही हसू आलेलं नाही.

माझी मुलगी आता अकरावीला जाईल. चुलत भावानं मला बाजूला घेऊन मास्तरांसारखंच सुचवलं, कळकळीनं. 2023मध्ये अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटल्यापासून आमच्या तालुक्यात जो तो घरातल्या जुन्या नोंदी शोधतोय. तू का गप्प बसतोस, म्हणाला. पूर्वी मी त्याला वचन ऐकवलं असतं. या वेळी मुलीला सगळं सांगितलं: आदेश काय आहे, नोंद काय आहे, माझं काय गेलं, दादा टेबलापाशी कसे उभे होते आणि काकांच्या पगारातून आपलं काय भागलं. ती म्हणाली, आहे ते राहू दे. मग विचारलं, ‘पण तुम्ही काकांशी नीट का बोलत नाही?’

1950चा तो आदेश बदलावा असं माझं मत आहे. धर्म बदलून गावातली जात बदलत नाही, हे दादांच्या वेगळ्या पाण्यावरून मी शिकलोय. 2022 साली केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला. त्या आदेशाच्या निषेधार्थ दरवर्षी 10 ऑगस्टला आमचे लोक काळा दिवस पाळतात. मी तिथे उभा राहीन, निवेदनावर सही करीन. ती हक्काची मागणी आहे आणि हक्क म्हणूनच ती मागायची. तिला मी माझा क्रूस म्हणणार नाही. आमच्या मंडळींना एकच विनंती आहे: त्या दिवशीच्या भाषणात कोणी माझ्या दादांची गोष्ट सांगू नये. ती सांगायची त्यांची इच्छा नव्हती, आणि माझी ती फार वेळा, माझ्या नावावर सांगून झालीय.