दोघांची बेटसहल आणि गृहस्थाचा धर्म

गृहस्थाने देवदर्शनाचे निमित्त न घेता, निव्वळ आनंदासाठी जोडीदाराबरोबर दूरच्या बेटावर जावे का, आणि जायचे तर त्यावर किती खर्च करावा, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. भारतीय विचारपरंपरेत मात्र तो धर्म, अर्थ आणि काम या तीन पुरुषार्थांच्या नात्याचा प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी तो अधिक टोकदार होतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. मिळकत बहुतांशी कापूस, सोयाबीन आणि तुरीवर. घरखर्चाच्या यादीत सहलीचा नंबर बी-बियाणे, शाळेची फी, लग्नकार्य आणि दवाखाना यांच्यानंतर लागतो. पंढरपूर, शेगाव किंवा कुलदैवताला निघालेल्या जोडप्याला कोणी कारण विचारत नाही. तेच जोडपे अंदमानला निघाले, की ‘कशाला?’ असे घरातलेच विचारतात. या ‘कशाला’चे उत्तर शास्त्रांच्या आणि लोकाचाराच्या आधारे देता येते.

काम हा स्वतंत्र पुरुषार्थ

चार पुरुषार्थांत कामाला वेगळे स्थान आहे. इंद्रियांना आणि मनाला होणारा रास्त आनंद हा त्याचा व्यापक अर्थ. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाला सांगितले आहे, की धर्म आणि अर्थ यांना बाध न आणता कामाचे सेवन करावे, सुखावाचून राहू नये. तिघांपैकी एकाचाच अतिरेक झाला तर तो स्वतःला आणि उरलेल्या दोघांनाही मारक ठरतो, असेही तो बजावतो. धर्माला विरोध न करणारा काम हे आपलेच रूप आहे, असे गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतो. तेव्हा आनंदाच्या प्रवासाला यात्रेचे रूप देण्याची गरज नाही. वाटेत एखादे देऊळ आहे म्हणून सहल पवित्र होत नाही आणि देऊळ नाही म्हणून ती पापही ठरत नाही. ती धर्माला धरून आहे की नाही, एवढेच तपासायचे असते.

याविरुद्धचा सर्वांत जोरकस आक्षेप ययातीच्या कथेत आहे. महाभारताच्या आदिपर्वातल्या या राजाने धाकट्या मुलाचे, पुरूचे, तारुण्य मागून घेतले आणि दीर्घकाळ उपभोग घेतला. शेवटी उपभोगाने वासना शमत नाही, तूप ओतलेल्या आगीसारखी ती वाढतच जाते, हे त्याला उमगले. वि. स. खांडेकरांच्या 1959 सालच्या ‘ययाति’ कादंबरीने ही कथा मराठी घराघरांत पोचवली. आज बेट पाहिले तर उद्या त्याहून लांबचे बेट हवेसे वाटेल, ही भीती म्हणूनच पोकळ नाही. पण ययातीचा दोष उपभोगात नव्हता. स्वतःच्या सुखाची किंमत त्याने मुलाच्या आयुष्यातून चुकवली, आणि कुठे थांबायचे ते आधी ठरवले नाही. या कथेतून संन्यासाइतकाच मर्यादेचाही धडा घेता येतो, आणि गृहस्थाच्या कामाचा आहे तो दुसराच.

कळंबच्या चिंतामणीची कथा

हाच विचार कळंबच्या ग्रामदैवताभोवती गुंफलेला आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक असलेल्या चिंतामणीचे हे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते, तिथे गणेशाची मूर्ती आणि पाण्याचे कुंड आहे. हे पाणी ठरावीक वर्षांच्या अंतराने वर चढून देवाच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे. हे अंतर बारा वर्षांचे मानतात. स्थानिक कथेनुसार अहल्येच्या प्रसंगात गौतम ऋषींचा शाप लागलेला इंद्र इथे तप करायला आला. गणेशाने अंकुशाने जमिनीतून पाणी काढले आणि त्या पाण्यात स्नान करून इंद्र शापमुक्त झाला.

मनात येईल ते देणारे रत्न म्हणजे चिंतामणी. इच्छा पुरवणाऱ्या देवाच्या स्थानाची कथा एका बेलगाम इच्छेच्या प्रायश्चित्ताची असावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. इंद्राला शाप मिळाला तो सुख हवेसे वाटले म्हणून नव्हे, तर ते मिळवताना त्याने दुसऱ्याचे घर मोडले म्हणून. ज्या इच्छेसाठी कोणाला फसवावे लागत नाही, कोणाचा वाटा हिरावावा लागत नाही, ती देवापुढे बोलून दाखवायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

आधी ऋण, मग प्रवास

मर्यादेची पहिली कसोटी पैशाची. देव, ऋषी आणि पितर या तिघांचे ऋण फेडल्यावाचून मोक्षाकडे वळू नये, असे धर्मशास्त्र सांगते. ऋण डोक्यावर ठेवून मोक्षाकडेही जाता येत नसेल, तर सहलीला निघणे त्याहून अवघड. कळंब परिसरात ही केवळ ग्रंथातली गोष्ट नाही. कर्जापायी यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक शेतकरी कुटुंबांवर कोसळलेले दुःख महाराष्ट्राला ठाऊक आहे. सोसायटीचे पीककर्ज आणि कृषी केंद्राची उधारी बाकी ठेवून हप्त्यांवर सहल घेणे हा इथे सरळ अधर्म आहे. बियाण्यासाठी काढलेले कर्ज पीक देऊ शकते. सहलीसाठी काढलेल्या कर्जाची फेड पुढच्या हंगामाच्या पोटातून होते.

शेतीचे वेळापत्रकही हाच क्रम पाळते. कपाशीच्या पहिल्या वेचणीला विदर्भात सीतादही करतात: शेतात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच कापूस घरी येतो. पीक हाती घेण्याआधी ते देणाऱ्या मातीची आठवण ठेवायची, असा हा रिवाज आहे. पुढे कापसाचे चुकारे हातात पडले, की देणी भागवायची, घरच्या म्हाताऱ्यांच्या औषधांचे आणि येत्या पेरणीचे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेल्यातून प्रवासाचा आकडा ठरवायचा. तो आधी ठरवावा आणि नंतर वाढवू नये, हेच खरे व्रत. आकडा छोटा पडला तर वर्षभर भिशीत किंवा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत पैसे साठवून पुढच्या वर्षी निघावे.

स्वस्तात प्रवास करण्याला परंपरेत कमीपणा नाही. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी सांगतात, की यज्ञाला मोठी साधनसामग्री लागते, तो राजांना आणि धनिकांनाच परवडतो. तीर्थयात्रा मात्र गरिबालाही करता येते आणि तिचे फळ यज्ञाहून मोठे आहे. यात्रेकरू धर्मशाळेत उतरे, शिदोरी बांधून नेई, जमेल तितके पायी चाले. आजच्या काटकसरीचे मार्गही फार निराळे नाहीत. अंदमानात साधारण डिसेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने. वेचणीचा जोर ओसरतो तो काळ नेमका यातच येतो, आणि नाताळच्या सुट्ट्या टाळल्या तर गर्दीही कमी असते. वर्धा-कळंब हा रेल्वेमार्ग फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. वर्ध्याहून किंवा नागपूरहून चेन्नई, कोलकात्याच्या गाड्या मिळतात. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाजे अंदमानला जातात. त्यांना काही दिवस लागतात, पण बंक वर्गाचे भाडे बेताचे असते. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी विमानाचे तिकीट आधी काढावे आणि बेटांवर सरकारी फेरीबोटीने फिरावे.

दोघांची संमती

दुसरी कसोटी सोबतीची. पद्मपुराणाच्या भूमिखंडात कृकल नावाच्या वैश्याची कथा आहे. पत्नी सुकलेला प्रवासाचे कष्ट सोसणार नाहीत, अशा विचाराने तो तिला घरी ठेवून एकटाच तीर्थयात्रेला गेला. सगळी तीर्थे करून परतताना त्याला समजले, की यात्रा निष्फळ झाली आहे. पितरही तृप्त झालेले नाहीत. पत्नीला वगळून केलेले धर्मकृत्य अपुरे राहते, हा कथेचा गाभा. कृकलाचा हेतू वाईट नव्हता. त्याने सुकलेला विचारले नाही, ही त्याची चूक.

हा नियम आनंदाच्या प्रवासालाही लागू पडतो. कुठे जायचे, किती दिवस राहायचे, किती खर्चायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे असते. एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने डबे भरायचे, कपडे धुवायचे, मुलांची सोय लावायची, तर ती सहल एकट्याचीच. स्वयंपाकघरातून चार दिवस सुटका, हा शेतकरी घरातल्या बाईसाठी प्रवासाचा मोठा भाग असतो. खर्च वाचवण्यासाठी स्टोव्ह बरोबर घेतला तर ही बचत कोणाच्या कष्टांतून होते, ते पाहावे लागते.

दोघांच्या या समतेचे शिल्प एका बेटावरच कोरलेले आहे. मुंबईजवळच्या घारापुरीच्या मुख्य लेण्यात शिवपार्वतीच्या विवाहाचा प्रसंग आहे आणि अर्धनारीश्वरही आहे. विवाहाच्या शिल्पात मान किंचित झुकलेली पार्वती शिवाच्या शेजारी उभी आहे. अर्धनारीश्वराची उजवी बाजू पुरुषाची, डावी स्त्रीची. एक हात नंदीवर टेकलेला. वेरुळच्या एकविसाव्या लेण्यात हेच जोडपे सारीपाट खेळते आहे. जोडीदाराबरोबरच्या निवांतपणाला परंपरेने देवांच्या आयुष्यात जागा दिली, ती अशी.

समुद्र ओलांडण्याचा प्रश्न

बेटाच्या प्रवासाला एकेकाळी थेट धार्मिक अडसर होता. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतनाला कारण होणाऱ्या कृत्यांत धरला आणि पुढच्या कलिवर्ज्यांच्या याद्यांत द्विजांच्या समुद्रगमनाचा निषेध आला. जहाजावर नित्यकर्मे पाळता येत नाहीत, खाण्यापिण्याचे निर्बंध टिकत नाहीत, ही काळजी त्यामागे असल्याचे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकात शिक्षणासाठी विलायतेला जाणाऱ्यांना प्रायश्चित्ताला आणि बहिष्काराला तोंड द्यावे लागले. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्याहून जहाजाने निघाल्या, तेव्हा हा विरोध जिवंत होता. आज घरचे वडीलधारे मुला-सुनेला विमानतळावर सोडायला येतात. काळाच्या ओघात आचार बदलला. खोटे न बोलणे, न दिलेले न घेणे, जिवांना न दुखावणे ही मूळ तत्त्वे मात्र जशीच्या तशी राहिली, आणि बेटावरच्या वागण्याची कसोटी तीच आहे.

बेटावरचे वागणे

ही तत्त्वे अंदमानात अगदी प्रत्यक्षात येतात. प्रवाळ हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही आठवण म्हणून उचलून आणला तर अस्तेय मोडते आणि कायदाही. जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून रस्ता जातो, पण तिथे थांबण्यास, त्यांचे फोटो काढण्यास आणि त्यांना खाऊ देण्यास मनाई आहे. माणसाला प्रेक्षणीय वस्तू न मानणे, हा अहिंसेचाच भाग.

या बेटांना दुःखाचाही इतिहास आहे. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलच्या सात बाहूंपैकी तीन आज उभे आहेत. बाबाराव आणि विनायक दामोदर सावरकर या बंधूंनी तिथे शिक्षा भोगली. विनायकराव 1911 मध्ये तिथे पोचले आणि 1921 मध्ये दोघांना तिथून हलवले गेले. कोठडीची अरुंद जागा आणि आवारातला तेलघाण्याचा देखावा पाहिल्यावर, ज्या पाण्याला पूर्वी काळे पाणी म्हणत त्याच पाण्याकाठी आपण आनंदासाठी आलो आहोत, याची जाणीव प्रवाशाला होते. कृतज्ञता आणि आनंद एकाच दिवसात मावतात. फक्त त्या आवारात हसतखिदळत फोटो काढण्याचा मोह आवरावा.

जवळची बेटे

ठरलेल्या आकड्यात अंदमान बसत नसेल, तर इच्छा मारण्याची गरज नाही, तिचे माप बदलावे. गेटवेहून लाँचने सुमारे तासाभरात घारापुरी गाठता येते. सोमवारी लेणी बंद असतात. मालवणसमोर कुरटे बेटावर 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला. गोव्याचे दिवाडी बेट मांडवीत आहे आणि फेरीबोटीने तिथे पोचता येते. या बेटावर पूर्वी असलेल्या सप्तकोटेश्वराचे नदीपलीकडच्या नार्व्यातले देऊळ महाराजांनी 1668 मध्ये उभारवले. समुद्र, दोघांना मोकळा वेळ आणि घरापासून दूर असणे, या सहलीकडून जे हवे ते सगळे इथेही मिळते.

देणी फिटलेली असावीत, निर्णय दोघांचा असावा, जाताना मर्यादा ठरलेली असावी आणि तिथल्या माणसांना, जिवांना इजा होऊ नये. या चार अटी पाळून केलेला प्रवास धर्माला धरून आहे, मग त्याच्या वाटेवर देऊळ असो वा नसो. यांतली एकही मोडली तर काशीची यात्राही कृकलाच्या यात्रेसारखी रिकामी राहील. कळंबच्या जोडप्याला घरच्या ‘कशाला’चे उत्तर यातून मिळते: धर्माने ज्या सुखाची परवानगी दिली आहे, ते आपल्या कष्टाच्या पैशाने, एकमेकांच्या सोबतीने घेण्यासाठी.