पोरांना माय हवी, पण तोवर?

बायको गेली की खान्देशात दहाव्या-तेराव्यालाच कुजबुज सुरू होते, 'पोरेस्ले माय जोयजे.' बोलणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण त्या एका वाक्यात पोराच्या दुःखावरचा इलाज ठरून जातो आणि ज्याच्या मांडीवर ते झोपलेलं असतं तो बाप तात्पुरता माणूस होऊन बसतो. माझी हरकत दुसऱ्या लग्नाला नाही, या तात्पुरतेपणाला आहे.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात रात्रीची वीज आली की बापाला पाणी भरायला जावंच लागतं. सात-आठ वर्षांचं पोर आजीजवळ झोपतं. पहाटे अंथरूण ओलं असतं, शाळेची वेळ झाली की पोट दुखायला लागतं. जंताचं औषध होतं, नजर उतरवली जाते, भगताकडे फेरी होते, मग सोनोग्राफी. सापडत काहीच नाही. पोट मात्र खरंच दुखत असतं. लहान मुलांचं दुःख पुष्कळदा अंगातून बाहेर येतं. शेवटी एखादा बालरोगतज्ज्ञ मानसोपचार विभागाची चिठ्ठी लिहून देतो, आणि बाप हादरून विचारतो, "पोरगं वेडं झालं का, साहेब?"

धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे हा विभागही आहे. पण केसपेपरच्या खिडकीपासून बापाला एकच विचारलं जातं: आई कुठंय? हिंदू मुलांसाठी 1956 च्या कायद्याने बाप हाच पहिला नैसर्गिक पालक. व्यवहारात मात्र तो कुणाच्या तरी बदली आल्यासारखा उभा राहतो. पोर कधीपासून गप्प आहे, कशाला घाबरतं, हे त्याला पटकन सांगता येत नाही. माया कमी असते म्हणून नव्हे. घराची ती बाजू त्याच्या हाती कधी आलेलीच नसते. 2018 मध्ये राज्य सरकारने बालसंगोपन रजा दिली, ती पत्नी हयात नसलेल्या कर्मचाऱ्यांनाही लागू केली. मोठी गोष्ट होती ती. जिनिंगमधल्या मजुराला मात्र ओपीडीची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोज.

याच मुलखात, अमळनेरला, साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. आपण तो संताचा गुण मानला आणि बापाच्या रोजच्या कामातून वगळला.

खरी गाठ असते ती अशी: पोर रडेल म्हणून बाप बायकोचं नावच काढत नाही, आणि बापाला त्रास होईल म्हणून पोरही काढत नाही. एकाच घरात दोघं एकमेकांना जपत एकटे पडतात. समुपदेशकाचं बरंचसं काम ही गाठ सोडवण्याचं असतं, त्यासाठी दर वेळी गोळ्या लागतातच असं नाही. आधी मोठ्याला बोलतं करावं लागतं.

म्हणून ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मला मोलाचा वाटतो. फोन फुकट, दिवसा-रात्री केव्हाही, मराठीत. रोज बुडत नाही, गावात बोभाटा होत नाही. पोराची तक्रार सांगायच्या आधी बापाने स्वतःची झोप का उडालीय एवढंच सांगितलं, तरी चालतं.