फाटका सदरा

एका गावात एका गुरुजींनी गरीब मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. त्याचा सगळा भार मुष्टिफंडावर. दळायला बसण्याआधी घरची बाई मूठभर जोंधळे वेगळ्या मडक्यात टाकायची. आठवड्याने कुणीतरी झोळी घेऊन ते गोळा करायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेल्या रयत शिक्षण संस्थेलाही अशाच मुठींनी हात दिला होता.

एका वर्षी पावसाने दगा दिला. मडकी रिकामी राहू लागली. वसतिगृहात नुकताच आलेला एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "गुरुजी, नुसतं मागून कोण देतं? लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मी आणतो धान्य."

गुरुजी तालुक्याला निघाले होते. "आण," एवढंच म्हणाले.

त्याने सर्वांत लहान मुलगा निवडला. त्याचा धुतलेला सदरा उतरवला आणि फाटका घातला. केसांत माती चोळली. बाजाराच्या गावी नेऊन त्याला पारावर उभं केलं. "याला आई नाही, बाप नाही. दोन दिवस पोटात अन्न नाही."

मुलगा सकाळीच भाकरी खाऊन निघाला होता. तो काही बोलला नाही. छातीवरची फाटलेली जागा एका हाताने धरून उभा राहिला. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत तीन पोती भरली. आजही देणगीच्या पत्रकांवर रडवेल्या मुलांचे फोटो छापतात, ते याच हिशेबाने. आणि पैसे येतात, हेही खरं.

रात्री पंगत बसली. तो मुलगा ताटावर बसेना. गुरुजींनी जवळ घेऊन विचारलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "गुरुजी, माझी आई आहे."

सकाळी गुरुजींनी तिन्ही पोती बैलगाडीत घातली आणि दोघांना घेऊन त्याच पारावर गेले. "काल तुम्हाला खोटं सांगितलं. ज्याला आपलं धान्य परत हवं, त्याने न्यावं."

काहींनी नेलं. काहींनी वर चार शब्द सुनावले. गुरुजींनी ते ऐकून घेतले.

एक म्हातारी मात्र हलली नाही. "मग खरं काय, ते तरी सांगा."

मुलगाच बोलला. "आजी, माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मी शाळेत जातो. मला वाचता येतं."

म्हातारी घरात गेली आणि एक कार्ड घेऊन आली. मुंबईला गिरणीत असलेल्या लेकाचं. ते वाचून दाखवायला कुणी भेटलं नव्हतं. मुलाने ते मोठ्याने वाचलं. तिने सांगितलं म्हणून पुन्हा वाचलं. मग तिने सूपभर जोंधळे आणून पोत्यात ओतले. "कीव आली म्हणून देत नाही हो. शिकतोस म्हणून देते."

परतताना गुरुजी कार्यकर्त्याला म्हणाले, "मागायला लाजू नकोस. पण ज्याच्यासाठी मागतोस, त्यालाच मान खाली घालायला लावू नकोस."

त्या वर्षी धान्य कमीच पडलं. उसनवारी करावी लागली, ती पुढच्या सुगीत फिटली. कार्यकर्ता आता दारात उभा राहिला की आधी वही उघडायचा. मागच्या आठवड्याला जोंधळे किती आले, किती दळले, ते वाचून दाखवायचा आणि मगच झोळी पुढे करायचा.