मशीहा: एक शब्द, दोन कसोट्या

ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातला वाद येशू मशीहा होता की नाही एवढाच आहे, असे सहसा मानले जाते. माझ्या मते खरा भेद कसोटीचा आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘अभिषिक्त’. यशयाच्या ग्रंथात पर्शियाचा राजा कोरेश यालाही तो लावला आहे. म्हणजे अभिषिक्त ओळखायचा तो इतिहासातल्या कार्यावरून. इ.स. १३२ च्या ज्यूंच्या रोमविरोधी उठावात रब्बी अकिवांनी उठावाचा नेता बार कोखबा याला मशीहा मानले. १३५ मध्ये तो मारला गेला आणि ती आशा मावळली. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने हीच कसोटी नियम म्हणून मांडली: कार्य तडीस न नेता जो मारला गेला, तो मशीहा नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेने मात्र क्रुसावरच्या मृत्यूतच तारण पाहिले आणि देवाच्या राज्याची पूर्तता येशूच्या पुनरागमनावर सोपवली.

मग ज्यू आशा राजकीय आणि ख्रिस्ती आशा आध्यात्मिक, असे कोणी म्हणेल. ते पटत नाही. मायमोनिडीझच्या लेखी मशीहाच्या स्वतंत्र राज्याचे अंतिम प्रयोजन ईश्वरज्ञान आहे. ख्रिस्ती माणूसही नव्या पृथ्वीची वाट पाहतो. जग अजून अपुरे आहे, हे दोघांनाही मान्य आहे. जग बदलल्यावर मशीहा ओळखायचा, की मशीहा ओळखून जग बदलण्याची वाट पाहायची, इथे वाटा फुटतात. आणि दोन्ही वाटा आदराने समजून घ्यायला हव्यात.