शील आणि साक्ष

एखाद्यावर चोरीचा आरोप आला असतां त्याचें पूर्वचरित्र काय, हें आपण घरीं सर्वांत आधीं विचारतों. न्यायासनास मात्र तें सहसा विचारतां येत नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें फौजदारी खटल्यांत आरोपीचें सच्छील विचारार्ह मानलें. त्याचें दुःशील मात्र, त्यानें स्वतः सच्छीलाचा पुरावा पुढें केल्यावांचून, सामान्यतः विचारार्ह मानलें नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही हा नियम कायम ठेविला आहे.

व्यवहारी गृहस्थास हा नियम भाबडा वाटेल. गडी ठेवितांना आपण चौकशी करतों, मग न्यायाधीशानेंच डोळे कां मिटावे? आमचें उत्तर असें कीं, गडी न ठेवणें ही सावधगिरी होय. तुरुंगांत घालणें ही शिक्षा होय, आणि शिक्षा कृत्याची असते, स्वभावाची नव्हे. साक्षीदारानें आरोपीसमक्ष बोलावें व उलटतपासणीस उत्तर द्यावें, या दुसऱ्या नियमाशींही याचें नातें आहे. दुर्लौकिक हा असा साक्षीदार आहे कीं, ज्यास पिंजऱ्यांत उभें करतां येत नाहीं. तो सर्वांच्या तोंडून बोलतो आणि जबाब कोणीच देत नाहीं.

या साक्षीदारास प्रमाण मानल्याचें फळ आपल्या प्रांतानें पाहिलें आहे. १८७१ मध्यें सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढें मुंबई इलाख्यासही लागू झाला. जन्म हाच पुरावा ठरला, आणि सोलापुरास अशा जमातींची कुंपणबंद वसाहत उभी राहिली. तो कायदा १९५२ पर्यंत गेला नाहीं.

दुसरें उदाहरण देसाईगंजचें. १९७२ सालीं तेथील पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला चालला, तेव्हां सत्र न्यायालयानें तिच्याच शीलाची चिकित्सा केली. १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आरोपी पोलिसांस सोडिलें. पुढील वर्षीं चार विधिप्राध्यापकांनीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहिलें. तरीही बलात्काराच्या खटल्यांत फिर्यादी स्त्रीच्या शीलावर बोट ठेवूं देणारें कलम २००२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकलें. जें संरक्षण आरोपीस १८७२ मध्येंच मिळालें होतें, तें तिला मिळण्यास १३० वर्षें लागलीं. हा नियम न्यायाचा असेल तर तो पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच लागला पाहिजे.

आतां समक्षतेचाच अर्थ बदलत आहे. परदेशांतील साक्षीदार पडद्यावर दिसला तरी ती समक्षताच, असें सर्वोच्च न्यायालयानें २००३ मध्यें महाराष्ट्रांतील एका खटल्यांत ठरविलें. तें आम्हांस मान्य आहे, कारण त्या साक्षीदारासही उलट प्रश्न विचारतां येतात. परंतु आमच्या खारघरांत तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. तेथील कच्चा कैदी पडद्यावरून आपला खटला पाहत असतां त्याला साक्ष नीट ऐकूं येते काय, आणि ‘हें खोटें आहे’ असें आपल्या वकिलाच्या कानांत वेळीं सांगतां येतें काय, हें कोणीतरी विचारलेंच पाहिजे. त्याचें पूर्वचरित्र कसेंही असो, या प्रश्नाचें उत्तर मिळण्याचा त्याचा हक्क त्यामुळें तिळमात्र कमी होत नाहीं.