पडलेला आमदार

भिलाईत बीए-बीएस्सी करणाऱ्या पोराच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठ म्हणून एका आमदाराचं नाव असतं. हेमचंद यादव दुर्ग शहरातून १९९८, २००३ आणि २००८ अशा तीन निवडणुका जिंकले, डॉ. रमणसिंहांच्या मंत्रिमंडळात बसले, २०१३ साली पडले आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये वारले. दुर्ग विद्यापीठ २०१५ साली रायपूरच्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठातून वेगळं निघालं होतं. यादव गेल्यावर त्याच वर्षी त्याला त्यांचं नाव मिळालं. २००८ ची त्यांची शेवटची जीत हजारापेक्षाही कमी मतांची होती. तेवढी मतं फिरली असती तर गुणपत्रिकेवर आज कुणाचं नाव असतं, हा रिकामटेकडा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

नावाला माझी हरकत नाही. नाव कुणाच्या कामात लुडबुड करत नाही. बोलायचंय ते जिवंत आमदाराला विद्यापीठात मिळणाऱ्या खुर्चीबद्दल. आमच्याकडे छत्तीसगडात ती कार्यपरिषदेवरची असते, तिकडे महाराष्ट्रात अधिसभेवरची. पोलादाच्या प्लांटमधल्या नोकरीसाठी नागपूर-भंडारा-गोंदियाकडून आलेल्या आमच्या मराठी घरांत या विषयावरचं मत ठरलेलं असतं: राजकारण्यांना विद्यापीठाच्या फाटकातच अडवावं. मला हे मत पटत नाही, आणि न पटण्याचं कारण याच मातीत आहे.

भिलाईत पोलादाची पहिली धमनभट्टी पेटली ती १९५९ साली. पण हा मुलूख विद्यापीठांच्या नकाशावर त्याआधीपासून होता. मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळात छत्तीसगडचं शिक्षण नागपूर विद्यापीठाकडे पाहायचं. १९४६ साली सागरला विद्यापीठ झालं, १९६४ मध्ये रायपूरला आणि २०१५ मध्ये दुर्गला. सागरचं विद्यापीठ उभं केलं डॉ. हरिसिंग गौर यांनी, तेही स्वतःच्या वकिलीच्या कमाईतून. हे गौर कोण? केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य. १९२२ साली दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेव्हाही ते विधिमंडळात होते. पुढे नागपूर विद्यापीठाचंही कुलगुरूपद त्यांनी सांभाळलं आणि आंतरधर्मीय नोंदणी विवाहाची वाट रुंद करणारा १९२३ चा कायदाही त्यांच्याच खटपटीचा. फाटकात अडवायचंच ठरवलं असतं तर पहिले अडले असते ते गौर. दुर्गचे मोतीलाल वोरा तर नगरपालिकेतून विधानसभेत, तिथून उच्च शिक्षणाच्या राज्यमंत्रिपदावर आणि पुढे मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदावर गेले. १९९३ मध्ये उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाल्यावर तिथल्या राज्य विद्यापीठांचे कुलाधिपतीही झाले. पदवीदान समारंभातला तो झगा दुर्गच्या नगरसेवकाच्या अंगावर चढायला पंचवीसेक वर्षं लागली.

राजकारणी विद्यापीठात शिरतो असं आपण म्हणतो, पण विद्यापीठच विधानसभेच्या पोटी जन्माला येतं. त्याचा कायदा तिथे मंजूर होतो आणि अनुदानाची मागणीही तिथेच. मुलाच्या घरी बापाने पाऊल टाकू नये असं म्हणता येत नाही. घरात येऊन तो काय करतो, एवढंच विचारता येतं.

विधिमंडळ विद्यापीठांचं काय करू शकतं याचा सगळ्यात मोठा धडा छत्तीसगडनेच देशाला दिला. राज्य होऊन दोनेक वर्षंच झाली होती, तोवर २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा आला. कुणी प्रस्ताव द्यावा, सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी, की झालं विद्यापीठ. बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर उभी राहिली. त्यांतल्या अनेकांना इमारत नव्हती, आवार नव्हतं. कुठे एका खोलीत पाटी लागलेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्यातली कलमं ५ आणि ६ घटनाबाह्य ठरवली. त्या दोन कलमांवर उभी असलेली सगळी विद्यापीठं एका निकालात गेली. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांना राज्यातल्या खऱ्या विद्यापीठांशी संलग्न होण्याची वाट न्यायालयाने ठेवली. त्याच वर्षी भिलाईत सरकारी तांत्रिक विद्यापीठ सुरू झालं, हा योगायोगच.

या प्रकरणातून लोक जो अर्थ काढतात तो मला अपुरा वाटतो. आमदारांनी विद्यापीठांची वाट लावली, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, त्या वेळी आमदार आमदारासारखे वागलेच नाहीत. आपल्या मतदारसंघात शाळा मंजूर झाली की साधा आमदारही पहिला प्रश्न विचारतो: जागा कुठली? इमारत कधी? मास्तर किती? गावात आरोग्य केंद्राची पाटी लागली आणि डॉक्टर आला नाही, तर याच आमदाराला लोक चौकात गाठतात. शंभर विद्यापीठांबद्दल त्याला कुणी गाठणार नव्हतं, कारण ती कुणाच्याच गावात नव्हती. सवयीचा प्रश्न राहिला तो म्हणून. प्रश्न विचारायचं काम यशपालांसारख्या निवृत्त वैज्ञानिकाला न्यायालयात जाऊन करावं लागलं.

हीच सवय विद्यापीठाच्या बैठकीत लागते. कार्यपरिषदेची कार्यसूची कधी वाचलीत? पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा, दुसरा कार्यवाहीच्या अहवालाचा. मग संलग्नीकरण, लेखापरीक्षणातले आक्षेप, वसतिगृहाच्या वाढीव खर्चाची मान्यता, कुणाच्या निलंबनाची मुदतवाढ आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. खरा माल बहुतेकदा या शेवटच्या ओळीत दडलेला असतो. प्राध्यापक सदस्य विषय क्रमांक चारच्या शब्दरचनेवर अर्धा तास वाद घालतात आणि आयत्या वेळचे विषय घड्याळाकडे बघत मंजूर होतात. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी यांत मुरलेला माणूस उलट वागतो. मधली पानं तो चाळतो आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो. फाईल कुठे अडकते, वित्त विभागातला कोणता शेरा खरा आणि कोणता वेळकाढूपणाचा, हे त्याला कळतं. परीक्षेचा निकाल तीन महिने लांबला तर मुलाचा प्रवेश हुकतो, हे कुलसचिवांच्या तोंडावर सांगायला त्याची जीभ अडखळत नाही.

मग बिघडतं कुठे? बिघडतं ते त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्यांपाशी. चालू आमदार बैठकीला एकटा येत नाही. भाच्याला लिपिकाची नोकरी हवी असलेला कार्यकर्ता, संलग्नीकरण हवं असलेला संस्थाचालक आणि परीक्षेचं केंद्र बदलून हवं असलेला कॉलेजवाला त्याच्याबरोबर असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. लोकांनी त्याला ज्या कामासाठी निवडलं, ते तो दुसऱ्या टेबलावर बसूनही करतो, इतकंच. विद्यापीठाला मतदारसंघ नसतो, आणि मतदारसंघाशिवाय विचार कसा करायचा हे पदावर असलेल्या आमदाराने कुठे शिकायचं?

म्हणून मला वाटतं, विद्यापीठाला चालू आमदारापेक्षा माजी आमदार बरा. बॅ. मुकुंदराव जयकर १९२३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर मतदारसंघातून मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, तिथे स्वराज पक्षाचं नेतृत्व केलं, पुढे फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले. १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ते बसले तेव्हा पंचाहत्तरीत होते आणि त्यांना कुणाचंही मत मागायचं नव्हतं. त्यांच्यानंतर १९५६ मध्ये आले रँग्लर परांजपे. फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून सगळे त्यांना ओळखतात, पण १९२१ नंतर ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते हे विसरतात. कौन्सिलात मुरलेले हे दोघे एकामागून एक त्याच खुर्चीवर बसले. विधिमंडळाचं तंत्र अंगात होतं, विधिमंडळाची भूक मात्र उरली नव्हती.

गौरांचं उदाहरण याच्या उलट जातं, हे कबूल. ते एकाच वेळी दोन्हीकडे होते आणि दोन्हीकडे शोभले. पण स्वतःची कमाई विद्यापीठात ओतणाऱ्या माणसावरून नियम बनवायला गेलो, तर तो नियम एकाच माणसाला लागू पडेल.

भिलाईत पडलेल्या आमदारांची कधी कमतरता नव्हती. प्रेमप्रकाश पांडे यांना या शहराने १९९० आणि १९९३ मध्ये निवडलं, १९९८ मध्ये पाडलं, २००३ मध्ये परत आणलं, २००८ मध्ये पाडलं, २०१३ मध्ये पुन्हा निवडलं आणि २०१८ मध्ये पुन्हा पाडलं. दरम्यान ते विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि २०१३ नंतर उच्च शिक्षणमंत्रीही. दुर्गचं विद्यापीठ आणि भिलाईची आयआयटी त्याच पाच वर्षांतली. त्यांच्याविरुद्ध दोनदा जिंकलेले बदरुद्दीन कुरेशीही मग माजी झाले. सभागृह चालवण्याचं, खातं सांभाळण्याचं इतकं शहाणपण एका पोलादनगरीत दर पाच वर्षांनी मोकळं होतं, आणि त्याचं करायचं काय हे कुणालाच सुचत नाही. पक्ष फार तर त्यांना महामंडळ देतो. तिथे सत्तेची जुनी ऊब थोडी मिळते, काम थोडं असतं.

अर्थात पडलेला माणूस पुढच्या तिकिटाची वाट बघत असेल तर तोही चालू आमदारच समजावा, किंबहुना त्याहून वाईट. कॉलेजातली पोरं म्हणजे फुकटचे कार्यकर्ते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तिकिटाच्या रांगेतून जो खरोखर बाहेर पडला, त्याच्याबद्दलच मी बोलतोय. असे लोक थोडे असतात, पण कार्यपरिषदेलाही एखाद-दुसराच लागतो.

कायदा मात्र नेमका उलटा लिहिलेला आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर विधानसभेचे दोन आणि विधानपरिषदेचा एक सदस्य नेमला जातो, तो पदावर आहे म्हणूनच. आमदारकी गेली की अधिसभाही गेली. त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या ज्या दिवशी संपतात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवायला तो मोकळा होतो, त्याच दिवशी विद्यापीठ त्याला निरोप देतं आणि त्याच्या जागी नवा, चिठ्ठ्यांनी भरलेल्या खिशाचा आमदार येतो.